कारंजं लाल झालं तो उन्हाळा

टँकर आला की मला अजून उठून पळावंसं वाटतं. गुडघे पळू देत नाहीत, ती गोष्ट वेगळी. महादेवपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली यंदा उगादीच्या आधीपासूनच टँकर यायला लागले. वॉचमन हात हलवत ‘बन्नी, बन्नी, इन्नू स्वल्प’, म्हणजे या, या, अजून थोडं, असं ओरडतो, टँकर मागे मागे येतो, जाड पाइप जमिनीवर धप्पकन पडतो, आणि मी हातातली भाजी टाकून गॅलरीत जाते. नातसून ऋता पुण्याची. ती म्हणते, "आजी, प्लीज, त्यात बघण्यासारखं काय आहे? वॉटर क्रायसिस आहे हा."

असेल. पण पाणी येताना बघावंच. ज्यांना ते जन्मभर भिंतीतल्या तोटीतून मिळालं, त्यांना पाणी येतं म्हणजे काय होतं ते ठाऊक नाही. आधी पाइप फुरफुरतो, मग खोकतो, मग सगळे श्वास धरतात. तो श्वास मला आवडतो.

लोक उन्हाळ्याला शिव्या घालतात. मी घालत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गंमत उन्हाळ्यात झाली, आणि ती पाण्याच्या पायीच झाली. ऋताला म्हटलं, आमच्या गावाला कारंजं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मॉलमध्ये असतं तसं? लाइटवालं?" मी म्हटलं, हो, तसंच, फक्त ते सगळ्या गावाला पाजायचं.

ते गाव आता इंदिरानगरच्या पोटात गेलं. तिथं आज कपड्यांची दुकानं आहेत आणि कॉफी प्यायला रांग लावावी लागते. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत तिथं नाचणीची शेतं होती, वरच्या अंगाला केरे म्हणजे तलाव, तलावाच्या बांधावर करंजाची झाडं. उन्हाळा लागला की करंजाची फुलं खाली पडायची आणि वाट चुरमुरे सांडल्यासारखी पांढरी व्हायची. अनवाणी चाललं की पायाखाली गार लागायचं. कडुनिंबाला मोहोर यायचा, त्याचा वास गोड आणि चव कडू. उगादीला गुळाबरोबर तोंडात घातला की आम्ही पोरं गूळ चोखून निंब थुंकायचो.

आम्ही रंगारी. मराठी घर, पण किती पिढ्यांपूर्वी कुठून आलो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माझे वडील, आप्पा, रंगवलेलं कापड पेठेत दुकानदारांना पोचवत. रंगवायचं काम मात्र माझ्या आत्याचं. नाव तुळसा, गाव तिला तुळसाक्का म्हणे. नवरा गेल्यावर ती भावाकडे परत आली ती रडायला नाही, कढईवर बसायला. उंच, काळी, हात कोपरापर्यंत रंगलेले. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, तर म्हणायची, "मला कशाला लावता, मी मुळातच रंगलेली आहे."

गावाच्या मधोमध कारंजं होतं. माणसाहून उंच असा दगडी खांब, त्याला तीन बाजूंना बिडाची तीन सिंहाची तोंडं, आणि डोक्यावर दगडी कमळ. सिंहांच्या तोंडून पाणी खालच्या गोल कुंडात पडायचं, कुंडातलं ओसंडून लांब दगडी डोणीत जायचं. त्या डोणीवर आधी गुरं प्यायची, आणि शेवटच्या टोकाला आम्ही कापड खळबळायचो. गावात कुणी त्याला कारंजं म्हणत नसे. नुसतं सिंह म्हणत. "सिंहावर जाऊन येते गं" म्हणजे पाणी आणायला चालले. परगावचे पाहुणे हे ऐकून दचकायचे.

ते कुणी बांधलं यावर गावात जितकी घरं तितकी मतं होती. गावचे मुखिया गौडा म्हणायचे, आमच्या आजोबांनी महाराजांना अर्ज करून आणलं. आप्पांचं म्हणणं, छावणीतले गोरे घोडे घेऊन यायचे, ती डोण घोड्यांच्या उंचीची आहे, तुमच्या गुरांना मान वर करून प्यावं लागतं ते बघा. आणि देवळातला म्हातारा पुजारी सांगायचा की अम्मांनी, म्हणजे गावदेवीनं, स्वप्नात येऊन पाणी मागितलं. वर तो हेही सांगायचा की मी लहान असताना त्या कमळातून पाणी उडत होतं, असं, घराच्या कौलापर्यंत. लोक हसायचे. "पुजारप्पा, तुम्ही लहान होता तेव्हा कौलं खाली असतील."

खांबाच्या पायाशी एका दगडावर खरं काय ते कोरलेलं होतं. पण त्या दगडाला चांगली धार लागते, हे गावाला फार आधी कळलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी त्यावर कोयते घासले, विळ्या घासल्या. अक्षरं गेली. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. वाचता कुणाला येत होतं? कोयता मात्र रोज लागायचा.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सगळं गोड वाटेल. तीन तोंडं होती ती तीन प्रकारच्या लोकांची होती. समोरचं गौडांचं आणि त्यांच्या बरोबरीच्यांचं. बाजूचं आमच्यासारख्या पोट भरायला आलेल्यांचं. मागचं त्यांचं, ज्यांना बाकी दोन्ही ठिकाणी कुणी उभं राहू देत नसे. आतून नळ एकच. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आम्हाला ते पाणी नुसतं प्यायला लागत नव्हतं. आमच्या परसात विहीर होती, पण तिचं पाणी खारट. खाऱ्या पाण्यात लाल रंग विटकरी होतो आणि हिरवा शेवाळासारखा. तलावाचं पाणी मऊ. त्यात खळबळलं की लाल कसा मिरचीसारखा लाल राहायचा. दुकानदार साडी उजेडात धरून एवढंच बघायचे. म्हणजे डोणीचं ते टोक होतं म्हणून आमची चूल होती.

त्या वर्षी मी नऊ-दहा वर्षांची असेन. माझी शाळा सुटली होती, चौथी पुरी म्हणजे पुरी. दिवसभर आत्याच्या मागे. उन्हाळा कडक होता आणि सिंहांचं पाणी बारीक व्हायला लागलं. आधी मनगटाएवढं होतं ते बोटाएवढं झालं. मग सुतळीसारखं. बायका घागरी लावून गप्पा मारायच्या, गप्पा संपायच्या, घागर भरायची नाही. आणि हब्बा तोंडावर आलेला असताना, हब्बा म्हणजे अम्मांची जत्रा, एका सकाळी तिन्ही सिंह कोरडे. तोंडात मुंगळे फिरत होते.

तलावात पाणी होतं. कमी होतं, पण होतं. बांधाजवळच्या हौदातून खापरी नळ जमिनीखालून गावात यायचा, तो हौदही भरलेला. मग पाणी अडलं कुठं? गावानं उत्तर लगेच शोधलं. रंगारी. यांचा रंग, यांचा चुना, यांची घाण नळात बसली.

गावाच्या वडाच्या, चुकले, पिंपळाच्या कट्ट्यावर पंच बसले. आप्पांना खाली उभं केलं. गौडा वाईट माणूस नव्हता, पण पांढऱ्या कपड्यांचा होता. खांद्यावर उपरणं असं असायचं की त्यावर माशीसुद्धा पाय पुसून बसेल. ते म्हणाले, "हब्बा होऊ दे. मग तुम्ही डोण सोडा. दुसरीकडे बघा."

आप्पांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी लांब आनेकलला जागा बघून आले. आत्यानं ते ऐकलं तेव्हा ती चुन्याची निवळी गाळत होती. तिनं गाळणं थांबवलं नाही. म्हणाली, "घाण खालून वर कशी चढेल? डोण खाली, नळ वर. गौडांच्या घरी सांडपाणी चुलीत शिरतं काय?" आप्पा म्हणाले, "हे तू त्यांना सांग." ती म्हणाली, "सांगते की."

आणि गेली. कट्ट्यासमोर उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून.

"गौडरे, मी वर हौदात रंग सोडते," ती म्हणाली. "नळ जिथं फुटला असेल तिथं रंग बाहेर येईल. कुठंच आला नाही, तर घाण आमची, आणि हब्ब्याचीही वाट बघत नाही, गाव सोडते."

एक पंच म्हणाला, "अय्यो, प्यायच्या पाण्यात रंग?"

"पितोय कोण? सिंह तर मुंगळे ओकतोय."

लोक हसले. गौडांनाही ओठ आवळावे लागले. म्हणाले, "सरी, बरं. सोड."

आजच्या काळात आम्हाला पोलिसांनी नेलं असतं. तेव्हा सगळं गाव आमच्याबरोबर निघालं. आत्याच्या डोक्यावर रंगाचं भांडं, दाट लाल, कढईतला पक्का रंग, त्यावर आणखी एक पुडी रिकामी केलेली. मागून पोरं, कुत्री, म्हातारे. असा उत्साह मी पुढे कुणाच्या लग्नात पाहिला नाही. नळ कुठून कुठून गेलाय ते जुन्या लोकांना साधारण माहीत होतं, तर आत्यानं बांधापासून चौकापर्यंत माणसं पेरली. "जमिनीकडे बघा. एकमेकांकडे नका बघू." बायका बायकांच्या रांगेत, गडी गड्यांच्या, सगळे कमरेत वाकून जमिनीकडे बघतायत. तिकडून कुणी परका गेला असता तर त्याला वाटलं असतं, गावाची सुई हरवली.

आत्यानं भांडं ओतलं. हौदातलं पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल, आणि भोवरा धरून नळाच्या तोंडात शिरायला लागलं. ती ओरडली, "सुटला!" ओरड एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गावापर्यंत गेली. मी पळत सुटले. रंगाच्या आधी पोचायचं होतं. रंग खाली, मी वर, करंजाच्या फुलांवरून, छातीत धडधड. खरं सांगते, तसं पळणं पुन्हा कधी जमलं नाही.

पिंपळाच्या कट्ट्याच्या मागे नेहमी ओल असायची. कितीही ऊन असो, तिथं अळू हिरवंगार. ती अम्मांची कृपा समजून बायका तिथं हळदकुंकू वाहायच्या, मुलं व्हावीत म्हणून पिंपळाला दोरे बांधायच्या. आम्ही पोरं तिथं पाय भिजवायचो आणि मार खायचो. त्या अळवाच्या मुळाशी, मी पोचले आणि दोन श्वास घेतले तेवढ्यात, माती काळपट झाली, मग तांबूस, आणि मग लाल पाणी बुडबुडत वर आलं.

"आलं! आलं!" मी किंचाळले.

पण माझ्या आधी एक बाई किंचाळली होती. "अम्मा!" आणि आडवी पडली. दुसरी पडली. पुजारी धावत आला, त्यानं लाल पाणी पाहिलं, त्याचे डोळे भरले. कापूर मागवला. म्हणाला, "आई प्रकटली. इथं आता कुणी कुदळ लावायची नाही."

आत्या धापा टाकत आली, तोवर कापूर पेटला होता. ती म्हणाली, "आई कुठली, माझा रंग आहे."

"तुळसाक्का, तोंड सांभाळ."

"अहो, आत्ता ओतलाय. हात बघा माझे!"

"तू ओतलास तो रंग. हे कुंकू आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेलं कुंकू आईनं परत दिलं."

लोक पुजाऱ्याकडे झुकले. मला रडू यायला लागलं, कारण मला एवढं कळत होतं: हे कुंकू ठरलं तर नळ फुटलेला नाही, नळ फुटलेला नाही तर घाण आमची, आणि आम्ही उद्याच आनेकलला. आत्याला ते माझ्या आधी कळलं होतं. ती सरळ गौडांच्या समोर गेली आणि हात पुढे केला.

"उपरणं द्या."

"काय?"

"स्वल्प द्या की. खाणार नाही मी."

गौडांनी का दिलं ते देव जाणे. बहुतेक इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून. आत्यानं त्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याचं टोक लाल पाण्यात बुडवलं, वर काढलं, आणि पुजाऱ्याच्या तांब्यातल्या पाण्यात चोळलं. "कुंकू असेल तर जाईल. कुंकू जातं. सगळ्या बायकांना ठाऊक आहे, जातं ते." चोळलं, पिळलं, परत चोळलं. राख लावून चोळलं. मग टोक वर धरलं, दुकानदारासारखं उजेडात.

लाल. मिरचीसारखं लाल.

"आमचं आहे," आत्या म्हणाली. "आमचं जात नाही."

गौडा आपल्या उपरण्याकडे बघत होते. मग पुजाऱ्यानंच वाट काढली. म्हातारा हुशार होता. म्हणाला, "म्हणजे अम्मांनीच तुझ्या हातून नळ दाखवला." आत्या म्हणाली, "हो, तसंच असेल." एकदा देवाला श्रेय दिलं की कुदळ चालते. पिंपळाचं मूळ नळात शिरून खापरं फोडून बसलं होतं, आणि पाणी वर्षानुवर्षं पंचांच्या बुडाखालून वाहून जात होतं.

खणायला मागच्या सिंहाचे लोक आले. खणायचं काम नेहमी त्यांनाच असे. कुंभारानं नवे नळ दिले, मूळ न तोडता त्याला वळसा घातला, सांध्यांना चुना आणि गूळ, वर आत्याच्या जुन्या कापडाच्या पट्ट्या. चुना बसायला हवा म्हणून हौदाच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला. हब्ब्याच्या दिवशी ओकुळीच्या वेळी बोळा काढायचा, असं ठरलं. पण डोणीचं काय, ते कुणी बोलेना. आप्पांनी विचारलं तर गौडा म्हणाले, "आधी पाणी येऊ दे." सांधे टिकले नाहीत तर दोष पुन्हा कुणाचा, हे न सांगता कळत होतं. आत्यानं घरातली बांधाबांध सोडवली नाही. भांडी पोत्यातच राहिली.

ओकुळी म्हणजे रंग उडवणं. जत्रेच्या शेवटी सगळ्यांनी एकमेकांवर लाल पाणी उडवायचं. ते पाणी करायचा मान आमच्या घराचा होता. डोणीत हळद, वरून चुन्याची निवळी, आणि पिवळ्याचं बघता बघता लाल होतं. मी कितीदा पाहिलं तरी दरवेळी तोंड उघडं पडायचं. हा रंग बिचारा गरीब. आंघोळ केली, कपड्याला साबण लावला की गेला. म्हणून लोक ओकुळीला बेलाशक नवे पांढरे कपडे घालून यायचे.

त्या दिवशीही आले. गौडा नव्या धोतरात. पुजारी कडक घडीत. बायका फुलं माळून. तमटे म्हणजे मोठ्या डफासारखी वाद्यं, ती अशी वाजत होती की पोटात आवाज शिरावा. आत्यानं कोरड्या डोणीत हळद पसरली होती आणि ती सिंहांकडे बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हात मात्र पदर पिळत होते.

वरून हाक आली. बोळा काढला.

काही झालं नाही. तमटे थांबले. मग खांबाच्या आत कुणीतरी झोपेत घोरल्यासारखं झालं. समोरच्या सिंहानं खोकून एक मुंगळा बाहेर फेकला. मग चिखल. मग फुरफुर, फुरफुर, आणि तिन्ही तोंडांतून पाणी. गाव ओरडलं. पाणी गुलाबी होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं. तिनं कपाळावर हात मारला आणि मराठीत म्हणाली, "अगं आई गं, खळबळलाच नाही."

कुठलंही कापड तीन पाण्यांतून काढल्याशिवाय दोरीवर न टाकणारी बाई, नळ खळबळून घ्यायला विसरली होती. भांडंभर पक्का रंग, त्यावरची पुडी, सगळं हौदाच्या तळाशी आणि नळात गाळासारखं बसून होतं, आणि आता निघालं होतं.

ती ओरडणार तेवढ्यात वरचं कमळ शिंकलं. खरंच, शिंकलंच. सुकी माती उडाली, चिमण्यांचं घरटं उडालं, आणि लाल पाण्याचा फवारा वर गेला. आधी हातभर, मग पुरुषभर, मग त्याहून वर, आणि छत्रीसारखा उघडून सगळ्या गावावर पडला. मूळ नळात शिरलं तेव्हापासून ते पाणी दमलेलं होतं; आता त्याला जोर आला होता. पुजारी दोन्ही हात वर करून नाचायला लागला. "सांगत होतो की नाही! सांगत होतो की नाही, रांडेच्यांनो!" देवळातला माणूस, पण त्या दिवशी त्याला सगळं माफ. तमटेवाले भान विसरून वाजवत होते. बायका, पोरं, गौडा, मागच्या सिंहाचे, समोरच्या सिंहाचे, सगळे त्याखाली. पाण्यानं बाजू बघितल्या नाहीत. कोण कुणाला लागलं कुणी विचारलं नाही. मी तोंड उघडून वर बघत होते आणि माझ्या दातांपर्यंत लाल झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन तोंडं पुन्हा तीन प्रकारच्या लोकांची झाली. एका फवाऱ्यानं तसलं काही धुतलं जात नाही, आणि गेलं असं सांगणारे खोटं सांगतात. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

कमळ पुढे दर उन्हाळ्यात थोडंथोडं उडत राहिलं, साठ सालानंतर तिथं प्लॉट पडेपर्यंत. मग घरोघर तोट्या आल्या, रस्ता रुंद झाला, आणि एके दिवशी लॉरी येऊन खांब घेऊन गेली. कुठं नेला कुणी सांगितलं नाही. एक सिंह कुठल्याशा बंगल्याच्या बागेत आहे म्हणतात. असू दे. मला तो बघायला जायचं नाही. कोरडा सिंह मी बघितलेला आहे.

ऋता म्हणते, आजी, हे सगळं लिहून काढा, लोकांना हिस्ट्री कळेल. मी म्हटलं, हिस्ट्री कोयत्यानं घासली गेली. मला फक्त रंग माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशीचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला कळलं की या वेळची ओकुळी आंघोळीनं जात नाही. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, दगडावर आपटून जात नाही. अंगावरची गेली असती चार दिवसांत, पण धोतरं, लुगडी, उपरणी? घराघरांतून आरडाओरडा ऐकू येत होता. आप्पा दार लावून बसले. म्हणाले, "आता आनेकलसुद्धा घेणार नाही आपल्याला." पोती दाराशीच होती.

दार वाजलं. आत्यानं उघडलं. गौडा उभे. कानामागे लाल, मिशी लाल, काखेत गाठोडं. त्यांच्या मागे अर्धा गाव, प्रत्येकाच्या काखेत गाठोडं.

"तुळसाक्का, हे काढ," गौडा म्हणाले.

"निघत नाही. तुम्ही त्या दिवशी बघितलंत."

"मग?"

आत्यानं धोतर उलगडलं. ठिपके, ओघळ, एका बाजूला पुरा हाताचा पंजा. तिनं ते उजेडात धरलं. "डाग निघत नाही. पण सगळ्या कापडाला डाग करता येतो. आख्खं लाल करून देते. एक ठिपका दिसणार नाही."

"लाल धोतर? मी?"

"नाहीतर असंच नेसा. मला काय."

मागून कुणीतरी हसलं. गौडा वळले, हसू थांबलं. त्यांनी पुन्हा धोतराकडे पाहिलं. "सरी," म्हणाले. "कर."

"करते. पण मऊ पाणी लागेल. विहिरीच्या पाण्यात विटकरी होईल, मग मला बोल लावाल." आत्या दारातल्या पोत्यांकडे बघत म्हणाली, "आणि डोण तर आम्हाला सोडायची आहे ना?"

गौडांनी वाकून दाराशी असलेल्या पोत्यांपैकी सगळ्यात वरचं उचललं, कढयांचं, जड, आणि चालायला लागले. कुठं चाललेत ते कळल्यावर आम्ही सगळे मागे. डोणीच्या शेवटच्या टोकाशी त्यांनी ते ठेवलं. "इथं चालेल ना?" म्हणाले. आत्या म्हणाली, "चालेल."

संध्याकाळी धोतर कढईतून निघालं. पहिलं पाणी झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आत्यानं एक टोक आपल्या हाताला गुंडाळलं आणि दुसरं टोक गौडांच्या पुढे केलं. लांब धोतर पिळायला समोर माणूस लागतो, आणि आप्पा पेठेत गेले होते. गौडांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव घागरी लावून उभं होतं. त्यांनी टोक धरलं आणि उलट बाजूनं पीळ घातला.

आत्यानं धोतर हातात घेऊन दाबून पाहिलं. पाणी निघालं.

"नीट नाही पिळलं," ती म्हणाली. "परत धरा."

त्यांनी परत धरलं.